पेठ-परपेठ नसलेली हुंडी

हुंडी वाटेत हरवली तर काय करायचे, याचे उत्तर जुन्या सावकारी व्यवहारात ठरलेले होते. मूळ हुंडी गहाळ झाल्याची खात्री पटली की ती लिहून देणारी पेढी दुसरी प्रत देई. तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी प्रत निघे, ती परपेठ. रक्कम चुकती झालेली हुंडी ‘खोका’ होऊन दप्तरी पडे. हुंडी शहाजोग असेल तर तिचे पैसे कोणाही अनोळखी माणसाच्या हातावर ठेवले जात नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्याच ते स्वाधीन होत. त्यामुळे वाटमारी करून हुंडी मिळवणाऱ्याच्या हाती बहुधा नुसता कागद उरे. दख्खनच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या जैन घराण्यांना ही परिभाषा परकी नाही. जुन्या वह्या जपून ठेवलेल्या घरांत ती अजूनही कानावर पडते.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या व्यापाऱ्यांना तर एकाच शहरात दोन चलने सांभाळण्याचाही अनुभव होता. शहर निजामाच्या राज्यात असताना गल्ल्यात हाली सिक्का असे आणि राज्याबाहेरच्या खरेदीला कलदार रुपया लागे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब लहान मुलांनाही तोंडपाठ असावा लागे. तेव्हा नवे चलन आले म्हणून या शहराने बिचकून जावे असे काही नाही. बिचकावे अशी गोष्ट निराळी आहे. या नव्या चलनाच्या हुंडीला पेठ नाही आणि परपेठही नाही.

बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्या चलनाच्या जमाखर्चाचे पहिले पान लिहिले गेले. त्यामागे कोणतीही पेढी, बँक किंवा सरकार नाही. म्हणूनच ‘माझा कागद हरवला, दुसरा द्या’ असे सांगायला कोणाचे दारही नाही. असे चलन घ्यावे की घेऊ नये, हा येथे विचाराचा विषय नाही. अनेक जाणत्या घरांनी त्याला स्पष्ट नकार दिला आहे आणि त्यात काहीही चूक नाही. परंतु ज्या घरात मुलाने वा मुलीने मोबाइलवरून काही रक्कम आधीच गुंतवली आहे, त्या घरापुढे वेगळा प्रश्न आहे: ही ठेव नेमकी कोठे आहे, आणि ती कोणाला उघडता येते?

पुष्कळांची समजूत अशी असते की नाणे मोबाइलमध्ये असते. तसे ते नसते. जगभरातील हजारो संगणकांवर एकच सार्वजनिक वही ठेवलेली असते आणि कोणत्या खात्यावर किती शिल्लक आहे ते तीत लिहिलेले असते. त्या शिलकेतून खर्च करण्याचा अधिकार एका गुप्त किल्लीला असतो. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. वॉलेट नावाचे साधन नाणी साठवत नाही. ते ही किल्ली सांभाळते आणि तिच्या आधारे सही करते. सही बरोबर असेल तर वही ती मान्य करते. सही करणारा मालक आहे की चोर, हे वहीला कळत नाही. शहाजोगपणा तिच्या स्वभावातच नाही.

एक्सचेंजच्या ॲपवर नाणी विकत घेऊन तेथेच ठेवली, तर ही किल्ली गुंतवणूकदाराकडे नसते; ती एक्सचेंजकडे असते. ॲपच्या पडद्यावर दिसणारा आकडा हा त्या कंपनीने दिलेला शब्द होय. शब्दाचे पालन झाले तर उत्तमच. ते झाले नाही तर काय होते, हे मुंबईतील वझीरएक्सच्या ग्राहकांनी अनुभवले आहे.

वझीरएक्स २०१८ मध्ये सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत देशातील मोठ्या एक्सचेंजांत गणले जाऊ लागले. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपये, चोरीला गेले. ग्राहकांच्या एकूण ठेवीपैकी हा भाग अदमासे पंचेचाळीस टक्के होता. हे वॉलेट निष्काळजीपणे ठेवलेले होते असे वरवर तरी म्हणता येत नाही. त्याला सहा किल्ल्या होत्या: पाच कंपनीच्या माणसांकडे, सहावी लिमिनल या रक्षण करणाऱ्या संस्थेकडे. पैसे हलवण्यासाठी कंपनीच्या तीन आणि लिमिनलची एक, अशा चार सह्या लागत. सह्या करणाऱ्यांकडे किल्ली बंद ठेवणारी स्वतंत्र उपकरणेही होती. तरीही चोरी झाली. कंपनीच्या निवेदनानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही भलत्याच व्यवहारावर होत होती. त्या सहीने वॉलेटचा ताबाच चोरांकडे गेला. दोन्ही संस्थांनी आपापली यंत्रणा निर्दोष असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या तीन देशांनी संयुक्त निवेदनात ही चोरी उत्तर कोरियाच्या हस्तकांची असल्याचे जाहीर केले.

पुढचा भाग ग्राहकांच्या दृष्टीने अधिक कठोर होता. चोरीला गेली ती इथेरियमच्या वहीवरील नाणी. बिटकॉइन त्यात नव्हते. पण नुकसान सर्व ग्राहकांवर सारखे वाटण्याची योजना आली आणि ज्यांच्याकडे केवळ बिटकॉइन होते त्यांनाही त्याचा वाटा उचलावा लागला. येणे रक्कम चोरीच्या दिवशीच्या भावाने मोजली गेली. नंतर ५ डिसेंबर २०२४ रोजी बिटकॉइनने एक लाख डॉलरचा भाव ओलांडला, तो ग्राहकांनी नुसता पाहिला. योजनेला मंजुरी मिळण्यासाठी प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालले आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस. मधे पंधरा महिने गेले. मुलीच्या लग्नासाठी किंवा दुकानाच्या मालासाठी ठेवलेली रक्कम पंधरा महिने अडकून पडणे म्हणजे काय, हे व्यापारी घराला वेगळे सांगावे लागत नाही.

याच सुमारास चेन्नईच्या एका ग्राहकाने मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तिच्याकडची नाणी चोरीला गेलेल्या प्रकारातली नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे, तिचा उपभोग घेता येतो आणि ती विश्वस्ताच्या नात्याने सांभाळता येते, असा निर्वाळा देऊन तिला अंतरिम संरक्षण दिले. हा निर्वाळा महत्त्वाचा आहे. मात्र तो मिळवण्यासाठी न्यायालयात जावे लागले, हेही तितकेच खरे.

संभाजीनगरकरांना या कथेतला सूर ओळखीचा वाटेल. २०२३ च्या जुलैमध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे दोनशे कोटींचा घोटाळा उघड झाला, तेव्हा पासबुकावरचा आकडा आणि हातात येणारी रक्कम यांतले अंतर या शहराने पाहिले. बँकेतील ठेवीला निदान पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते नाही आणि क्रिप्टो एक्सचेंजलाही नाही. मार्च २०२३ पासून एक्सचेंजांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी करून ग्राहकाची ओळख तपासावी लागते. तीस टक्के कर आणि एक टक्का टीडीएस २०२२ पासून लागू आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. सरकारने आपला वाटा आणि आपली देखरेख ठरवली आहे. ठेवीची हमी मात्र कोणीही घेतलेली नाही.

मग किल्ली स्वतःच्या घरी आणणे, हा मार्ग उरतो. तो सर्वांसाठी नाही, हे आधीच म्हटले पाहिजे. किल्ली घरी आली की जबाबदारीही घरी येते. वेल्समधील न्यूपोर्ट शहरातल्या एका संगणक अभियंत्याची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यावर सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खणू द्यावा म्हणून तो अनेक वर्षे झगडला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. रक्कम किरकोळ असेल आणि घरात कोणालाच या गोष्टीत रस नसेल, तर ती विकून कर भरून मोकळे होणे अधिक शहाणपणाचे. पण रक्कम मोठी असेल, दीर्घ काळ ठेवायची असेल आणि घरातील निदान दोन माणसे शिकायला तयार असतील, तर मुक्तस्रोत साधनांचा विचार जरूर करावा.

मुक्तस्रोत, म्हणजे ज्याला ओपन सोर्स म्हणतात ते साधन, म्हणजे ज्याची घडण जाहीर आहे असे. त्याची संगणकीय लिखावट कोणालाही वाचता येते, तपासता येते. बंद साधनाबाबत बनवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. येथे जगभरातील परके डोळे ते काम करत असतात. दुसरा लाभ अधिक व्यावहारिक आहे. बनवणारी संस्था उद्या बंद पडली तरी किल्ली तिच्यासोबत जात नाही, कारण किल्लीचा आराखडा जाहीर असतो आणि दुसऱ्या साधनात ती उघडता येते. बिटकॉइनसाठी २०११ पासून चालत आलेले इलेक्ट्रम आणि नंतरचे स्पॅरो ही संगणकावरची अशी वॉलेटे. प्रागमधील संस्थेने २०१४ मध्ये आणलेले ट्रेझर हे किल्ली इंटरनेटपासून अलग ठेवणारे छोटे उपकरण. त्याचीही लिखावट खुली आहे. उपकरण घ्यायचे तर थेट बनवणाऱ्याकडून घ्यावे, वापरलेले घेऊ नये. आणि त्यासोबत आधीच शब्द लिहिलेले कार्ड आले, तर ते उपकरण नसून सापळा आहे असे समजावे.

खुलेपणाचा अर्थ निर्दोषपणा असा मात्र नव्हे. २०२३ मध्ये लिबबिटकॉइन या मुक्तस्रोत साधनात एक उणीव सापडली. किल्ली तयार करताना जी निवड पूर्णपणे दैवावर सोडायला हवी होती, ती केवळ सव्वाचारशे कोटींच्या आसपासच्या शक्यतांतून होत होती. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. संगणक तो सहज पालथा घालतो. अनेकांची नाणी त्यात गेली. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वझीरएक्सचे ते सहा किल्ल्यांचे वॉलेट ज्या ‘सेफ’ नावाच्या प्रणालीवर होते, तीही मुक्तस्रोतच आहे. तिचे कुलूप तुटले नाही. ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या त्यांनी आपण कशावर सही करतो आहोत हे वाचले नाही, किंवा त्यांना ते वाचता येईल अशी सोय नव्हती. उपकरणाच्या छोट्या पडद्यावर जो पत्ता आणि जी रक्कम दिसते, ती संगणकावरच्या पत्त्याशी आणि रकमेशी अक्षर न्‌ अक्षर ताडून मगच बटण दाबावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे दुकानातल्या नव्या मुनीमालाही पहिल्या दिवशी सांगितले जाते.

साधन उतरवून घेण्याची जागाही महत्त्वाची. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रम वापरणाऱ्यांच्या पडद्यावर ‘नवी आवृत्ती घ्या’ असा संदेश झळकला. तो चोरांनी पाठवलेला होता. दिलेल्या दुव्यावरून नकली वॉलेट उतरवणाऱ्यांचे दोनशेहून अधिक बिटकॉइन पाहता पाहता गेले. म्हणून वॉलेट नेहमी मूळ संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. संदेशातील दुव्यावरून किंवा शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीतून घेऊ नये. प्रत्येक आवृत्तीसोबत निर्मात्याची डिजिटल सही दिलेली असते. ती पडताळण्याची रीत प्रथम किचकट वाटते, पण घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाला एका दुपारी शिकता येते. त्याला हे काम द्यावे आणि करताना शेजारी बसावे.

आता त्या बारा शब्दांविषयी. बहुतेक वॉलेटे किल्ली बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपात लिहून देतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. इलेक्ट्रमची स्वतःची रीत थोडी निराळी आहे. म्हणून शब्दांच्या कागदावर वॉलेटचे नावही लिहून ठेवावे. हे शब्द म्हणजेच ठेव. उपकरण हरवले, मोडले, पाण्यात पडले, तरी शब्द असतील तर सारे परत मिळते. शब्द दुसऱ्याने पाहिले तर ठेव त्याची झाली.

येथे मराठी घरांत एक चूक संभवते. या ठरलेल्या याद्यांत मराठी वा हिंदी यादी नाही. वडीलधारी मंडळी सोयीसाठी हे इंग्रजी शब्द देवनागरीत उतरवतात, आणि घोटाळा होतो. शांती या अर्थाचा ‘पीस’ आणि तुकडा या अर्थाचा ‘पीस’, हे दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. उजवा किंवा बरोबर या अर्थाचा ‘राइट’ आहे आणि लिहिणे या अर्थाचाही आहे. देवनागरीत ते सारखेच दिसतात, वॉलेटला मात्र ते पूर्ण भिन्न आहेत. म्हणून शब्द रोमन लिपीतच, सुट्या मोठ्या अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. इंग्रजी यादीत प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे वेगळी असतात. तेवढी स्पष्ट असली तरी शब्द ओळखता येतो.

कागद पावसाळ्यात दमट होतो, त्याला वाळवी लागते. स्टीलच्या पट्टीवर अक्षरे ठोकून ठेवणे अधिक टिकाऊ. त्यासाठी लागणारे अक्षरांचे पंच हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. भांड्यांवर नाव घालून देणाऱ्याकडे मात्र हे काम कदापि देऊ नये, तो कितीही ओळखीचा असला तरी. शब्दांचा फोटो काढू नये, ते व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत, ईमेलमध्ये ठेवू नयेत. फोनमधील छायाचित्रे आपोआप दूरच्या संगणकावर जातात, हे बहुतेकांच्या लक्षातही नसते. ‘सपोर्ट’मधून बोलतो असे सांगून कोणी शब्द विचारले तर फोन ठेवावा, खरी संस्था हे शब्द कधीही विचारत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी, मात्र वहीवरची नोंद त्याने उलटत नाही.

मदत करणाऱ्यालाही शब्द दिसू नयेत. पुण्यातील गेनबिटकॉइन प्रकरण या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. दरमहा दहा टक्के परताव्याच्या आमिषाने हजारो लोक त्या योजनेत फसले, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. आरोपींच्या वॉलेटांचा तपास करण्यासाठी पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटांमधून त्यांनी नाणी परस्पर वळवली, असा त्यांच्यावर आरोप आहे. पोलिसांच्या देखत हे होऊ शकते असे म्हटले जात असेल, तर घरी येऊन वॉलेट बसवून देणाऱ्या ओळखीच्या तरुणासमोर शब्द लिहिणे किती धोक्याचे, याचा अंदाज करावा.

मोठ्या रकमेसाठी एक जुनीच युक्ती नव्या रूपात उपलब्ध आहे. संस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन विश्वस्तांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. इलेक्ट्रम आणि स्पॅरोमध्ये तीन किल्ल्यांपैकी कोणत्याही दोन लागतील असे वॉलेट करता येते. एक किल्ली घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक पुण्याला दिलेल्या मुलीकडे. एक चोरीला गेली तरी चोराला काही मिळत नाही, एक हरवली तरी घराचे काही जात नाही. फक्त अशा वॉलेटची मांडणी सांगणारी फाइल तिन्ही ठिकाणी ठेवावी लागते. तिच्याशिवाय दोन किल्ल्या असूनही कुलूप सापडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लोक विसरतात.

सर्वांत मोठा धोका चोराचा नसून मृत्यूचा आहे, आणि घरात तो विषय काढायला कोणी धजत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडातील क्वाड्रिगा या एक्सचेंजचा तरुण संस्थापक जयपूरला आला असता तेथे मरण पावला. किल्ल्या फक्त त्याच्याकडे होत्या असे सांगितले गेले आणि हजारो ग्राहक हवालदिल झाले. पुढे तपासात निघाले की त्याने ग्राहकांचे बरेचसे पैसे आधीच घालवले होते. पण एका माणसाच्या डोक्यात सर्वांची किल्ली असणे म्हणजे काय, हे त्या काही महिन्यांत जगाला दिसले. बँक खात्याला नामनिर्देशन असते. स्वतःच्या वॉलेटला ते नसते. मृत्युपत्रात अशी ठेव आहे आणि ती कोणाला द्यायची हे अवश्य नमूद करावे. शब्द मात्र त्यात लिहू नयेत, कारण मृत्युपत्र अनेकांच्या नजरेखालून जाते. शब्द कोठे आहेत आणि कोणती दोन माणसे मिळून ते वापरू शकतात, एवढेच एका बंद पाकिटात लिहून ठेवावे. खरेदीच्या तारखा, रक्कम आणि भाव यांची नोंदही त्यासोबत असावी, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटला कर काढता येईल.

आणि मोठी रक्कम हलवण्यापूर्वी एक प्रयोग करावा. आपल्या एक्सचेंजवरून नाणी बाहेर नेता येतात की नाही, हे आधी विचारून घ्यावे. सर्वच ॲप ती सोय देत नाहीत. मग पाचशे रुपयांची नाणी नव्या वॉलेटमध्ये न्यावीत. ती पोहोचली की शब्द नीट लिहिले आहेत हे पाहून वॉलेट पुसून टाकावे, आणि ज्याने ते बसवले त्याने खोलीबाहेर जावे. पत्नीने किंवा वडिलांनी, केवळ त्या कार्डावरचे शब्द पाहून, ते पुन्हा उभे करावे. पहिल्या वेळी बहुधा एखादा शब्द चुकतो. वॉलेट चूक आहे एवढेच बहुतेक वेळा सांगते, कोठे आहे ते सांगत नाही. मग सातवा शब्द एन होता की एम, यावरून घरात थोडी वादावादी होते. शिल्लक पडद्यावर परत दिसली की कार्ड पाकिटात घालावे, पाकिटावर तारीख टाकावी, आणि पुढच्या दिवाळीत वहीपूजनाच्या आदल्या दिवशी तेच पाकीट पुन्हा उघडावे.